शब्द आणि व्याख्या यांच्या जोड्या लावून इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवायचा

इंग्रजी शब्द शिकायचे ठरवले की बहुतेक जण वहीचे पान उभे दुमडतात, डावीकडे इंग्रजी शब्द लिहितात, उजवीकडे मराठी अर्थ, आणि घोकायला लागतात. दोन-चार दिवस ते लक्षात राहते. मग एखादा उतारा वाचताना तोच शब्द समोर येतो आणि अर्थ ओठांवर येऊन अडतो. बोलताना तर शब्दच सुचत नाही.

याहून पक्की पद्धत म्हणजे शब्दाची जोडी त्याच्या सोप्या इंग्रजीतल्या व्याख्येशी लावणे. ‘जोड्या लावा’ हा प्रश्न शाळेत सगळ्यांनीच सोडवलेला असतो, त्यामुळे नवख्याला वाटते, यात काय विशेष? पण बरेच काही तो प्रश्न कसा मांडलाय यावर ठरते. रेघा ओढण्याने शब्द येत नाहीत. व्याख्या बारकाईने वाचताना, दोन जवळच्या अर्थांमधला फरक पकडताना आणि नंतर शब्द झाकून तो आठवताना शब्द मनात बसतो. म्हणून इथे प्रत्येक पायरी अशी सांगितली आहे की या तीन गोष्टी टाळताच येणार नाहीत.

एक सूचना आधीच. या लेखात इंग्रजी शब्द आणि व्याख्या वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. तुमच्या वहीत किंवा चिठ्ठीवर मात्र त्या रोमन लिपीतच लिहा. स्पेलिंग हा शब्दाचाच भाग आहे, तो मागाहून वेगळा शिकायला घेतला तर दुप्पट कष्ट पडतात.

मराठी अर्थ लिहून का भागत नाही

‘नाकारणे’ हे क्रियापद घ्या. मराठीत आपण आरोप नाकारतो, मदत नाकारतो, अर्ज नाकारतो आणि आमंत्रणही नाकारतो. इंग्रजीत या चार जागी सहसा चार वेगळी क्रियापदे येतात. आरोप खरा नाही असे म्हणणे म्हणजे डिनाय. सांगितलेले काम करणार नाही किंवा दिलेली वस्तू घेणार नाही असे म्हणणे म्हणजे रिफ्यूज. अर्ज किंवा प्रस्ताव पाहून तो मान्य न करणे म्हणजे रिजेक्ट. सभ्यपणे नको म्हणणे म्हणजे डिक्लाइन. वहीत चारही शब्दांपुढे ‘नाकारणे’ लिहिले तर ते चार शब्द न राहता एकाच शब्दाच्या चार नकला होतात, आणि लिहिताना हाताला येईल तो शब्द वापरला जातो. व्याख्या मात्र चौघांनाही आपापली जागा देते.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची गंमत आणखी वेगळी आहे. ‘मुलगा सिन्सिअर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तो मन लावून अभ्यास करतो, कामात चोख आहे, असे आपल्याला म्हणायचे असते. इंग्रजीत सिन्सिअर म्हणजे जे बोलतो ते मनापासून बोलणारा, दिखावा न करणारा. ‘गॅदरिंग’ म्हटले की आपल्याला शाळेचा वार्षिक कार्यक्रम आठवतो. इंग्रजीत चार माणसे एकत्र जमली तरी ते गॅदरिंगच. हे शब्द ‘येतात’ असे वाटत असल्यामुळे त्यांची व्याख्या कोणी उघडून पाहत नाही. माझे आग्रहाचे सांगणे आहे की पहिल्या महिन्यात असे दहा-बारा ओळखीचे शब्द मुद्दाम यादीत घ्या. व्याख्या वाचायची सवय लागायला याहून चांगली सुरुवात नाही.

शब्द निवडताना

इंग्रजीत शब्द लाखांनी आहेत, पण सगळ्यांना सारखे काम नसते. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये साधारण २,००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली, ती ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ म्हणून ओळखली जाते. तिची नव्याने केलेली एक आवृत्ती २०१३ मध्ये आली. तीत सुमारे २,८०० शब्द आहेत. या यादीतले शब्द साध्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग व्यापतात. म्हणून ज्यांना वर्तमानपत्रातला परिच्छेद वाचतानाही ओळीओळीला थांबावे लागते, त्यांनी आधी हा गाभा पक्का करावा. अवघड, भारदस्त शब्दांचा मोह तोवर बाजूला ठेवा. ज्यांना महाविद्यालयीन पुस्तके वाचायची आहेत त्यांच्यासाठी एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ आहे. तिच्यात ५७० शब्दकुटुंबे आहेत. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे: ॲनलाइझ, ॲनॅलिसिस, ॲनॅलिस्ट, ॲनॅलिटिकल असे सगळे मिळून एक.

यादी हाताशी असली तरी निम्मे शब्द तुमच्या स्वतःच्या वाचनातले असू द्या. वाचताना अडलेला शब्द त्याच्या वाक्यासकट टिपून ठेवा. वाक्य का, तर एकाच शब्दाचे अनेक अर्थ असतात आणि तुम्हाला त्यातला एकच हवा असतो. ॲड्रेस म्हणजे पत्ता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘टू ॲड्रेस अ प्रॉब्लेम’ असे वाचले तर तिथे पत्त्याचा काही संबंध नाही; समस्येची दखल घेऊन ती सोडवायला लागणे असा तिथला अर्थ आहे. शब्दकोशात ॲड्रेसखाली पाच-सहा व्याख्या दिसतील. तुमच्या वाक्यात बसणारी एकच उचला. बाकीच्या पुढे कधीतरी भेटतील तेव्हा त्यांची वेगळी चिठ्ठी करता येईल.

रोज किती शब्द? सहा. सुरुवातीला हे फार कमी वाटेल. पण आठवड्यातले पाच दिवस धरले तरी तीस होतात आणि वर्षाचे दीड हजारांवर जातात. रोज वीस घेणारा माणूस बहुधा दुसऱ्या आठवड्यात थांबतो, कारण नव्या शब्दांबरोबर जुन्यांची उजळणीही साचत जाते.

आणखी एक काळजी घ्या: पहिल्यांदा शिकताना जवळच्या अर्थाचे किंवा नेमके उलट अर्थाचे शब्द एका दिवशी घेऊ नका. हे पुष्कळांना पटत नाही, कारण पुस्तकांत शब्द विषयवार गटांनी दिलेले असतात: सगळे रंग एकत्र, सगळ्या भावना एकत्र. टॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. बॉरो आणि लेंड एकाच दिवशी शिकलेल्या माणसाला पुढे कितीतरी दिवस ‘यातले घेणे कुठले आणि देणे कुठले’ हा प्रश्न पडत राहतो. बॉरो आज घ्या, पक्का होऊ द्या, लेंड दोन आठवड्यांनी. वर सांगितलेले ‘नाकारण्या’चे चार शब्दही असेच सुटे सुटे शिका. चारही पक्के झाले की मग त्यांचा एकत्र संच करा. तेव्हा हेच जवळचे शब्द सर्वांत उपयोगी ठरतात.

व्याख्या: सगळी मेहनत इथे घ्या

व्याख्या मोठ्या शब्दकोशातून घेऊ नका. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेल्या कोशांत सोप्या शब्दाची व्याख्याही अवघड शब्दांत असते. मग त्या शब्दांचे अर्थ शोधा, त्यातून आणखी शब्द, आणि मूळ शब्द राहतो बाजूला. शिकणाऱ्यांसाठी खास केलेले कोश वेगळे असतात. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना आपल्या सहकाऱ्यांबरोबर असा एक कोश तयार केला, तो १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला आणि आजचा ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ त्याचाच वारस आहे. १९७८ मध्ये आलेल्या लाँगमनच्या कोशाने आणखी एक पाऊल टाकले: साधारण २,००० शब्द ठरवून घेतले आणि कोशातल्या सगळ्या व्याख्या शक्यतो तेवढ्याच शब्दांत लिहिल्या. म्हणजे ते दोन हजार शब्द आले की बाकी सगळ्या कोशाची दारे उघडतात. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. ‘इफ यू पोस्टपोन समथिंग...’ अशा थाटाचे वाक्य असते, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो हेही तिथेच दिसते. हे तिन्ही कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. तिघांतला कुठलाही चालेल, पण एकच धरा; व्याख्येची भाषा ओळखीची झाली की वाचायचा वेग वाढतो.

ज्यांना इंग्रजी व्याख्या अजून वाचताच येत नाहीत, त्यांनी काय करायचे? पहिले चार-पाचशे शब्द मराठी अर्थाशी किंवा चित्राशीच जुळवावेत. टेबल, पाऊस, धावणे, लाल अशा शब्दांना इंग्रजी व्याख्येचा अट्टहास कशाला? चित्र पुरते. हे शब्द हाताशी आले की सोप्या व्याख्या आपोआप वाचता येऊ लागतात.

कोशातली व्याख्या जशीच्या तशी उतरवू नका. ती वाचा, कोश मिटा आणि आठवेल तशी स्वतःच्या सोप्या इंग्रजीत लिहा. मग कोश उघडून ताडून पाहा. या एका सवयीने जितका फायदा होतो तितका बाकी कशानेही होत नाही असे मला वाटते. व्याकरणाची एखादी चूक राहिली तर राहू द्या, अर्थ मात्र नेमका असला पाहिजे.

नेमका म्हणजे किती? बॉरोची व्याख्या कोणी अशी लिहिली: ‘टू टेक समथिंग अँड गिव्ह इट बॅक लेटर’. वाचायला बरोबर वाटते. पण न विचारता उचललेली आणि मग गुपचूप परत ठेवलेली वस्तूही या व्याख्येत बसते! ज्याची वस्तू आहे त्याची संमती यात कुठेच नाही. म्हणून ‘विथ परमिशन’ एवढे दोन शब्द वाढवायला हवेत. प्रत्येक व्याख्येला हा प्रश्न विचारा: या व्याख्येत हा शब्द सोडून दुसरे काही बसते का? बसत असेल तर व्याख्या सैल आहे. आणि व्याख्येत तोच शब्द किंवा त्याच्या कुटुंबातले रूप येऊ देऊ नका. परमिशनची व्याख्या परमिट वापरून लिहिली तर स्पेलिंग पाहूनच जोडी लागते, अर्थ कळायची गरज उरत नाही.

संच कसा मांडायचा

शाळेतल्या प्रश्नात पाच शब्द आणि पाच व्याख्या असतात. या मांडणीत एक उघड खोट आहे. चार जोड्या लागल्या की पाचवी आयती मिळते, तो शब्द कधी ऐकलेला नसला तरी. शिवाय काहीही न समजता नुसत्या रेघा ओढल्या तरी सरासरी एक जोडी बरोबर येतेच. हे गणिताने सिद्ध होते, आणि पाचच्या जागी दहा किंवा वीस जोड्या घेतल्या तरी सरासरी एकच राहते.

न्यूझीलंडमधले भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८३ मध्ये शब्दसंग्रह मोजायची एक चाचणी तयार केली. तिच्यात सहा शब्द आणि तीनच व्याख्या असतात. तीन जोड्या लागल्यावरही तीन शब्द उरतात, त्यामुळे शेवटची जोडी आयती मिळत नाही. घरी अभ्यासालाही हीच मांडणी वापरा. आणि सहाही शब्द एकाच जातीचे ठेवा: सगळी क्रियापदे, किंवा सगळी नामे, किंवा सगळी विशेषणे. नाहीतर व्याख्येची सुरुवात ‘टू’ने झाली की क्रियापद आहे हे कळते, ‘समवन हू’ने झाली की माणूस दाखवणारे नाम आहे हे कळते, आणि अर्थ न वाचताच उत्तर सापडते.

असा एक संच पाहू. सहा क्रियापदे: डिनाय, बॉरो, पर्स्वेड, पोस्टपोन, स्टेअर, अबॅन्डन. तीन व्याख्या:

टू लुक ॲट समवन ऑर समथिंग फॉर अ लाँग टाइम.

टू मेक समवन ॲग्री टू डू समथिंग बाय गिव्हिंग रीझन्स.

टू से दॅट समथिंग इज नॉट ट्रू.

पहिली स्टेअरची, दुसरी पर्स्वेडची, तिसरी डिनायची. आता पेन घ्या आणि प्रत्येक व्याख्येतला असा तुकडा अधोरेखित करा, जो काढला तर शब्दच बदलेल. पहिलीत तो आहे ‘फॉर अ लाँग टाइम’. तो काढला तर उरते नुसते लुक. त्याजागी ‘क्विकली’ घातले तर ग्लान्स होते. म्हणजे स्टेअरचा जीव त्या चार शब्दांत आहे: टक लावून, नजर न हलवता पाहणे. दुसरीत ‘बाय गिव्हिंग रीझन्स’. कारणे न देता, जबरदस्तीने एखाद्याला काही करायला लावले तर ते फोर्स. कारणे देऊन पटवले तर पर्स्वेड. तिसरीत ‘नॉट ट्रू’. त्याजागी ‘यू विल नॉट डू इट’ असा अर्थ आला की डिनाय संपला आणि रिफ्यूज सुरू झाला. हा निर्णायक तुकडा शोधायला प्रत्येक शब्दामागे अर्धे मिनिट पुरते, आणि पुढे वाचताना तोच तुकडा आधी आठवतो.

दुसऱ्या दिवशी तेच सहा शब्द, पण उरलेल्या तीन व्याख्या:

टू डिसाइड टू डू समथिंग ॲट अ लेटर टाइम.

टू लीव्ह समवन ऑर समथिंग अँड नॉट कम बॅक.

टू टेक समथिंग विथ परमिशन अँड गिव्ह इट बॅक लेटर.

इथे ‘लेटर’ दोन व्याख्यांत आहे आणि ‘बॅक’ही दोन व्याख्यांत. हे मुद्दाम केले आहे. नुसता एखादा ओळखीचा शब्द पाहून जोडी लावायची सवय असते, ती इथे चालत नाही. वाक्य शेवटपर्यंत वाचावे लागते. कालचे तीन शब्द आज नुसते गर्दी करायला आहेत, पण ‘हा नाही, हाही नाही’ म्हणताना त्यांचीही आपसूक उजळणी होते.

चिठ्ठ्या की वही

चिठ्ठ्या. शब्दांच्या वेगळ्या, व्याख्यांच्या वेगळ्या, हाताच्या बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापल्या तरी पुरे. वहीत जोड्या लावण्यात अडचण अशी की दुसऱ्यांदा तेच पान सोडवताना तिसरा शब्द सगळ्यात खालच्या व्याख्येला जातो हे डोळ्यांना आठवते. अर्थ आठवत नाही, रेघ आठवते. चिठ्ठ्या दर वेळी पिसता येतात. शब्दाच्या चिठ्ठीमागे आणि त्याच्या व्याख्येमागे बारीक अक्षरात एकच क्रमांक घाला, म्हणजे उत्तर तपासायला कोश उघडावा लागत नाही.

मोबाइलवर करायचे असेल तर क्विझलेटमध्ये जोड्या लावायचा खेळ तयारच मिळतो आणि अँकीमध्ये उजळणीचे दिवस आपोआप ठरतात. दोन्ही चांगली साधने आहेत. क्विझलेटच्या खेळात घड्याळ चालू असते, तिकडे लक्ष देऊ नका. घाईत माणूस व्याख्या वाचत नाही, तिचा पहिला शब्द पाहतो. दुसऱ्यांनी करून ठेवलेले तयार संच वापरण्याआधी तपासून घ्या, त्यांत चुकाही असतात. व्याख्या स्वतः लिहिल्याचा फायदा तर त्यांत मिळतच नाही.

सोडवताना

सहा शब्द वर मांडा, तीन व्याख्या खाली. व्याख्या वाचायच्या आणि शब्द शोधायचा, उलट नको. व्याख्या वाचून झाली की शब्दांकडे पाहण्याआधी क्षणभर थांबा आणि शब्द स्वतःहून आठवतो का पाहा. मग जोडी लावा.

प्रत्येक जोडी लावताना मनाशी ठरवा: खात्रीने लावली की अंदाजाने? अंदाजाची असेल तर ती चिठ्ठी थोडी तिरकी ठेवा. तपासताना तिरकी जोडी बरोबर निघाली तरी ती चूक धरा. हा नियम कडक वाटेल, पण अंदाज बरोबर आल्याच्या आनंदात तो शब्द ‘आला’ म्हणून बाजूला टाकला जातो आणि खरी गरज पडते तेव्हा दगा देतो.

तिन्ही जोड्या लागल्या की लगेच तपासा. उद्यावर ठेवू नका, चुकीची जोडीही मनात घर करते. चुकलेल्या जोडीची व्याख्या एकदा मोठ्याने वाचा, अधोरेखित तुकड्यावर जोर द्या, मग शब्द मोठ्याने म्हणा. उच्चाराची शंका असेल तर कोशातले ध्वनीचे चिन्ह दाबून ऐका.

शब्द झाका

इथवर जे केले त्यात शब्द समोर दिसत होते. समोर दिसलेला शब्द ओळखणे आणि काही समोर नसताना तो आठवणे यांत मोठे अंतर आहे. वाचायला पहिले पुरते. बोलायला आणि लिहायला दुसरे लागते. म्हणून संच सोडवून झाला, की त्याच दिवशी संध्याकाळी शब्दांच्या चिठ्ठ्या उलट्या करून ठेवा, फक्त व्याख्या वाचा आणि शब्द कागदावर लिहा. स्पेलिंगसकट. पहिल्या दिवशी सहापैकी दोन-तीनच आठवतील आणि तसेच व्हायला हवे. आठवायला लागणारे कष्ट वाया जात नाहीत.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर ‘मला येतंय’ असे वाटते, ते वाटणे फसवे असते. ज्यांच्याकडे दिवसाकाठी दहाच मिनिटे आहेत त्यांनी जोड्या लावायची फेरी एकदा गाळली तरी चालेल, झाकून आठवायची फेरी गाळू नये.

उजळणीचे दिवस

जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की शिकलेले सर्वांत जास्त सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत विसरते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळण्या सुरुवातीला जवळ जवळ आणि पुढे लांब लांब हव्यात. माझ्या मते नवख्याला हे वेळापत्रक सोपे जाते: त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने.

तारखा लक्षात ठेवायला लागू नयेत म्हणून सेबास्टियन लाइटनर यांची डब्यांची युक्ती वापरा. त्यांनी ती १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. पाच खोकी किंवा पाच पाकिटे घ्या. नवी चिठ्ठी पहिल्यात. शब्द न पाहता आठवला की ती पुढच्यात जाते. चुकला की थेट पहिल्यात, मग ती चौथ्यात असो वा पाचव्यात. पहिले पाकीट रोज उघडायचे, दुसरे एक दिवसाआड, तिसरे आठवड्यातून दोनदा, चौथे आठवड्याला, पाचवे महिन्याला. येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही आणि न येणारे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पहिल्या पाकिटात चाळीसहून जास्त चिठ्ठ्या साचल्या तर नवे शब्द घेणे आठवडाभर बंद ठेवा.

तिसऱ्या पाकिटापासून वाक्य

चिठ्ठी तिसऱ्या पाकिटात पोहोचली की तिच्या मागे स्वतःचे एक वाक्य लिहा. आधी नको, अर्थ कच्चा असताना केलेले वाक्य बहुधा मराठी वाक्याची इंग्रजी नक्कल होते. वाक्य लिहिण्याआधी कोशातली दोन उदाहरणे पाहा आणि शब्दाच्या मागेपुढे काय येते ते टिपा. डिनायनंतर दुसरे क्रियापद आले तर ते ‘आयएनजी’ लावून येते: ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’. रिफ्यूजनंतर मात्र ‘टू’ येतो: ‘ही रिफ्यूज्ड टू टेक द मनी’. दोन वाक्यांत पैसे तेच आहेत, पण पहिल्यात तो ‘मी पैसे घेतलेच नव्हते’ म्हणतोय आणि दुसऱ्यात ‘मी पैसे घेणार नाही’. व्याख्येत शिकलेला फरक वाक्यात असा उतरतो. बॉरोनंतर ‘फ्रॉम’ येतो, स्टेअरनंतर ‘ॲट’. असे छोटे जोडशब्द चिठ्ठीवर वेगळ्या रंगात लिहा.

याच टप्प्यावर जवळच्या अर्थांचे संच करा. डिनाय, रिफ्यूज, रिजेक्ट, डिक्लाइन आणि त्यांच्या जोडीला ॲडमिट आणि ॲक्सेप्ट असे सहा शब्द घ्या, तीन व्याख्या घ्या आणि सोडवा. आधीच्या संचांपेक्षा हा कितीतरी अवघड जाईल. एखाद्या व्याख्येला दोन शब्द बसतात असे वाटले तर थांबा: एक तर व्याख्या सैल आहे, नाहीतर त्या दोन शब्दांतला फरक तुम्हाला अजून दिसलेला नाही. दोन्ही वेळी कोश उघडा, दोघांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि व्याख्या नव्याने लिहा.

परत परत मागे येणारे शब्द

काही चिठ्ठ्या कितीही केले तरी पहिल्या पाकिटातून हलत नाहीत. अशी चिठ्ठी चार वेळा मागे आली की तीच ती चिठ्ठी पुन्हा घोकू नका. आधी व्याख्या बदला: दुसऱ्या कोशातली पाहा, छोटी करा, निर्णायक तुकडा पुढे आणा. त्यानेही न जमल्यास शब्दाचे तुकडे पाडून बघा. पोस्टपोनमधला ‘पोस्ट’ म्हणजे ‘नंतर’, हे कळले की पुढे ढकलणे आपोआप आठवते. तो कुठल्या दुसऱ्या शब्दात मिसळतोय हेही शोधा. ॲडॉप्ट आणि ॲडॅप्ट, अफेक्ट आणि इफेक्ट अशा जोड्यांत चूक बहुधा अर्थाची नसते, दिसण्याची असते. अशा वेळी दोघांपैकी एकाच शब्दाची चिठ्ठी ठेवा आणि दुसरी महिनाभर बाहेर काढा.

तरीही शब्द बसत नसेल तर ती चिठ्ठी सरळ काढून ठेवा. शब्द खरोखर उपयोगाचा असेल तर वाचनात तो पुन्हा भेटेलच, आणि तेव्हा त्याच्याबरोबर नवे वाक्यही मिळेल. त्या वाक्यावरून नवी चिठ्ठी करा, जुनी शोधत बसू नका.